काकूचा नेम

दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या चाळीच्या गॅलरीतून जायचे म्हणजे अंगावर चिलखत घालूनच जायला हवे. ह्या दारातून भुईचक्र येते, त्या दारातून लवंगी, आणि जिन्याच्या वळणावर टिकल्यांचे पिस्तूल घेऊन कोणी ना कोणी दबा धरून बसलेलाच असतो. गिरगावातल्या पुष्कळ चाळी गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. आमची अजून उभी आहे. पुनर्विकासाचे कागद फिरताहेत, ते फिरोत. तोवर आमची दिवाळी गॅलरीतच.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या सकाळी अभ्यंगस्नाने आटोपून आम्ही फराळाला बसलो होतो. थोरली काकू नेहमीप्रमाणे दाराशी आरामखुर्चीत. नव्वदीला टेकली आहे, पण पाठ अजून ताठ. माझा भाचा, वय वर्षे आठ, तिच्यासमोर उडी मारून उभा राहिला आणि पिस्तूल रोखून ओरडला, "हात वर!"

काकूने चकलीचा तुकडा खाली ठेवला. "नळी खाली," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण वॉर्डातल्या चाळीस खाटांना एकदम ऐकू जाईल असा होता. "माणसावर बंदूक रोखायची नाही. खोटी असली तरी नाही."

भाच्याने नळी खाली केली, पण तोंड बंद ठेवणे आमच्या घराण्यात नाही. "आजी, तुला काय ठाऊक बंदुकीतलं?"

मोठी माणसे एकमेकांकडे बघू लागली आणि मग सगळ्यांनाच हसू फुटले. त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या काकूने चाळीस वर्षे सिस्टर म्हणून नोकरी केली, हे त्याला माहीत होते. मधली सात वर्षे तिने काकांबरोबर रानात शिकार केली, हे त्याला माहीत नव्हते.

काकू नर्सिंगला गेली १९५४ साली. आज परिचारिका म्हटले की आपण हात जोडतो. तेव्हा मुलगी नर्स झाली म्हटले की आईबाप स्थळांची यादी मिटून ठेवीत. ह्याच मुंबईत जे. जे. रुग्णालयात बाई काशीबाई गणपत ह्या पहिल्या भारतीय परिचारिका शिकायला आल्या त्या १८९१ साली. कामा रुग्णालय तर त्याच्याही आधीचे, १८८६ चे. म्हणजे साठ-सत्तर वर्षे बायका हे काम करीत होत्या, आणि तरी "परपुरुषाची सेवा करणारी सून नको" हे वाक्य गिरगावात सर्रास ऐकू येई. काकांनी ते ऐकले आणि सोडून दिले. १९६० साली, महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. काका म्हणत, "त्या वर्षी दोन मोठ्या गोष्टी झाल्या, दुसरी महाराष्ट्राची."

लग्न झाले खरे, पण संसार जिन्यातच होऊ लागला. काकूची नाइट ड्यूटी संपून ती सकाळी आठाच्या पुढे घरी यायची; काका तेव्हा फोर्टातल्या कचेरीत जायला निघालेले. ती दुपारपाळीला असली तर परत येईतो रात्रीचे दहा. हे जेवून झोपलेले. आठवड्याची सुट्टी मिळे ती बुधवारी नाही तर शुक्रवारी. महिन्यातून एखादा रविवार वाट्याला येई, आणि नेमके त्या रविवारी काका पहाटे उठून पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढीत. पेटीत वडिलांकडून आलेली बारा बोअरची दुनळी असे.

"दोन वर्षं मी त्यांची पाठच बघितली," काकू सांगते. "एका रविवारी म्हटलं, मलाही न्या. ते म्हणाले, तू तिथे काय करणार? म्हटलं, तुमच्याबरोबर चालेन. आणखी काय करायचंय?"

काकूच्या शिकारीचा उगम हा असा आहे. शौर्य नाही, हौसही नाही. नवऱ्याबरोबर एक अख्खा दिवस मिळावा म्हणून बाईने रान पत्करले.

तिच्या रोजच्या कामाची कल्पना आजच्या मुलींना येणार नाही. इंजेक्शनच्या सिरिंजा तेव्हा काचेच्या. त्या उकळायच्या, सुया धुऊन तारेने साफ करायच्या आणि बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची. एकदा वापरून फेकून देणे हा शब्दच कोशात नव्हता. पेनिसिलिन ठरावीक तासांनी टोचावे लागे, म्हणून मध्यरात्री दिव्यावर कागद लावून खाटेखाटेपाशी जायचे. मधे रिकामा वेळ मिळाला तर गॉजच्या घड्या घालायच्या, कापसाचे बोळे वळायचे, तापाचे तक्ते भरायचे. ज्याला कूस बदलता येत नाही त्याला दर दोन तासांनी वळवायचे, पाठीला स्पिरिट आणि पावडर चोळायची. काकूच्या शिक्षणाच्या काळात त्यांच्या सिस्टर ट्यूटर सांगत की रुग्णाच्या पाठीला व्रण झाला तर तो रोगाचा नव्हे, नर्सचा. घरी आली की ती उंबऱ्याबाहेरूनच न्हाणीत जाई. तरीही तिच्या केसांना लायसॉलचा वास असेच. माझ्या लहानपणी मला तो मोगऱ्यासारखा वाटे.

बोरीबंदरहून पहिली गाडी धरून कर्जत, तिथून एस.टी.ने कशेळ्याकडे, आणि पुढे भीमाशंकरच्या डोंगराच्या पायथ्याच्या रानात पायी, असा त्यांचा रस्ता होता. आजचा रायगड, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. शिकारीला तेव्हा बंदी नव्हती, पण मोकळे रानही नव्हते. मुंबई राज्याचा वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा १९५१ चा कायदा होता. परवाना काढावा लागे, बंदीचा हंगाम पाळावा लागे. काका कारकून माणूस; परवान्याचा कागद ते बंदुकीपेक्षा जपून ठेवीत.

पहिल्या खेपेला काकूने बरोबर घेतले काय, तर थर्मास, दशम्या आणि औषधांचा डबा. वाटेत ठाकरांचा एक पाडा लागे. तिथला म्हातारा वाटाड्या काकांच्या ओळखीचा. त्याच्या सुनेच्या पायाला कुऱ्हाडीचा घाव लागून चिघळला होता. काकूने तो धुतला, बांधला. पुढच्या खेपेला पाड्यावर सात माणसे ओळीत बसलेली. त्यापुढे वीस. काका झाडाखाली बंदूक मांडीवर घेऊन घड्याळ बघत बसत आणि म्हणत, "आमची शिकार ओपीडी सुटल्यावर."

बंदूक तिच्या हाती आली ती गमतीनेच. डालड्याचा रिकामा डबा दगडावर ठेवून काकांनी तीन बार काढले, दोन चुकले. काकूने मागितली. खांद्याला दस्ता कसा टेकवायचा ते त्यांनी दाखवले. तिने अर्धा श्वास सोडला, थांबली, आणि डबा उडाला. काका म्हणाले, नशीब. तिने दुसरा डबा उडवला. मग काका काही म्हणाले नाहीत.

"त्यात काय मोठं?" ती म्हणते. "सुई टोचताना काय करतो? श्वास अर्धा सोडायचा आणि हात थांबला की टोचायचं. घाबरलेल्या पोराच्या दंडात सुई घालण्यापेक्षा डबा सोपा. डबा हलत नाही."

त्यानंतर वर्षातले सहा-सात रविवार रानात जाऊ लागले. ससा, रानकोंबडा, हरियल. मोठ्या जनावराच्या वाटेला ते सहसा जात नसत. मिळेल ते पाड्यावर सारखे वाटले जाई. थोडे मुंबईला येई. मग आमच्या मजल्यावर एकच धांदल. आमच्याकडे मासळीमटण चालणारे, शेजारचे बिऱ्हाड शुद्ध शाकाहारी. काळ्या वाटणाचा वास गॅलरीभर पसरला की शेजारच्या आजी उदबत्ती लावीत आणि त्यांचा थोरला मुलगा हळूच वाटी घेऊन मागल्या दाराने येई.

त्या आजींनी एकदा काकूला विचारले होते, "आठवडाभर माणसं जगवतेस आणि रविवारी मुकी जनावरं मारतेस. हे कसं गं जमतं तुला?" काकूने उत्तर दिले नाही. पदर खोचून ती नळावर गेली. प्रश्न खरा आहे हे तिला कळले होते, म्हणूनच ती भांडली नाही, असे मला आता वाटते.

काकांपाशी मात्र उत्तर तयार असे. आमच्या चाळीपासून खेतवाडी हाकेच्या अंतरावर. तिथे मामाच्या घरी वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाने १९०८ च्या सुमाराला खेळातल्या एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सेक्रेटरी मिलर्डसाहेब ह्यांनी पक्षी ओळखला आणि भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्या मुलाला कपाटे उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे १९८५ साली त्यांनी आपल्या आत्मचरित्राला त्या चिमणीचेच नाव दिले. "बंदूक नसती तर सलीम अली झाले नसते," असे काका पाहुण्यांना बजावून सांगत.

"आणि चिमणीचं काय झालं?" काकू आतून विचारी.

शिकारीच्या गोष्टी काका रंगवून सांगत. आम्ही मुले जेवणे झाली की त्यांच्या पलंगाभोवती जमत असू. माझा जन्म त्यांच्या शिकारी संपल्यावर दहा-अकरा वर्षांनी झाला, पण ते रान मला पाठ होते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्याने बहुतेक शिकारीला लगाम घातला. परवान्यावर जी उरलीसुरली शिकार चाले तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. काकांनी दुनळी रीतसर विकून टाकली, परवाना परत केला, आणि त्या पैशांत घरी स्वयंपाकाचा गॅस आला. कायद्याने शिकार सुटली असेच आम्ही धरून चाललो होतो. ते खरे नव्हते.

१९९८ साली काकांना घशाचा कर्करोग झाला. मी तेव्हा अठरा वर्षांची. काकू निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. शस्त्रक्रिया झाली, किरण झाले, आणि डॉक्टरांनी सांगितले की आता घरी न्या. वांद्र्याला शांती आवेदना ही अशा रुग्णांसाठीची संस्था १९८६ पासून आहे. तिथे ठेवावे असे वडिलांनी सुचवले. काकू म्हणाली, "जागा चांगली आहे, पण नर्स घरात आहे."

दहा बाय बाराच्या खोलीत तिने वॉर्ड मांडला. तापाचा तक्ता खिळ्याला टांगला. चादर अशी ताणलेली की सुरकुती औषधाला सापडू नये. दर दोन तासांनी कूस. मी रात्री तिच्या मदतीला झोपायची. काका दोन्ही हातांत माझा हात धरून वळत. वेदना सोसवेनात तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या एका पितळी डबीत होत्या आणि काकू रोज रात्री त्या मोजून वहीत आकडा लिही.

एका रात्री जाग आली. काका बोलत होते. घशातून आवाज म्हणजे नुसती घरघर, पण शब्द कळले. "भेकराला जे दिलंस ते मला दे."

काकू बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भेकराला दुसरं काही देता येत नव्हतं."

मी डोळे मिटून पडून राहिले. भेकराची कुठलीच गोष्ट मला ठाऊक नव्हती. इतक्या गोष्टी ऐकल्या, त्यांत भेकर कधी नव्हते.

त्यानंतर पाच आठवड्यांनी काका गेले, पहाटे, झोपेत. न्यायला माणसे आली तेव्हा काकूने त्यांची पाठ पुसून सगळ्यांसमोर उघडी करून पाहिली. कातडीवर एक व्रण नव्हता. मग ती रडली.

चंदनवाडीहून सगळे परत आले, दिवसवार झाले, आणि महिन्याभराने मी तिला विचारले. तिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. बंदूक गेली तरी पेटी होतीच. तीतून रेघा मारलेली एक वही काढली. ती तिची शिकारीची वही होती, पण आखलेली तापाच्या तक्त्यासारखी. तारीख, जागा, जनावर, किती बार. शेवटचा रकाना होता: "किती वेळ लागला." मरायला किती वेळ लागला, तो. लगेच. लगेच. एक मिनिट. लगेच. पानांमागून पाने. कोणाही शिकाऱ्याच्या वहीत हा रकाना असेल असे मला वाटत नाही.

शेवटची नोंद १९६९ च्या डिसेंबरातली. जनावर: भेकर. बार: दोन. किती वेळ: रात्रभर.

"पहिला बार ह्यांचा," काकू म्हणाली. "उन्हं उतरली होती. भेकर पडलं, उठलं आणि झाडीत गेलं. रक्त पडलेलं होतं. हे म्हणाले, आता अंधार पडेल, गाडी चुकेल, सकाळी तुझी सातची ड्यूटी आहे, चल. मी म्हटलं, जखमी आहे ते. हे म्हणाले, मरेल आपोआप. मी म्हटलं, आपोआप कसं मरतं ते मी रोज बघते."

जखमी जनावर मागे टाकून यायचे नाही हा शिकारीतला जुना दंडक आहे. काकांना तो माहीत नव्हता असे नाही. पण गाडी, नोकरी आणि थंडी ह्यांच्यापुढे दंडक लवकर वाकतात. काकू वाकली नाही. म्हातारा वाटाड्या, कंदील आणि हे दोघे. रात्रभर ते रक्ताच्या थेंबांमागून फिरले. थेंब हरवत, म्हातारा बोटांनी पाला चाचपी, पुन्हा सापडत. मधूनच झाडीतून भेकराचे ते कुत्र्याच्या भुंकण्यासारखे ओरडणे येई आणि मग येईनासे झाले. उजाडता उजाडता ओढ्याच्या काठी ते सापडले. पोटात लागले होते. डोळे उघडे.

"मी हात लावला. छाती धडधडत होती. बँडेज होतं माझ्या डब्यात, स्पिरिट होतं, सगळं होतं. त्यातलं एकही त्याच्या उपयोगाचं नव्हतं. ह्यांचे हात कापत होते. मी बंदूक घेतली." ती थांबली. "माझा हात कापला नाही. म्हणून पुन्हा बंदूक धरली नाही."

काकांनीही त्यानंतर बार काढला नाही. कायदा आला तेव्हा आमच्या घरातली शिकार तीन वर्षांपूर्वीच संपलेली होती. रविवार मात्र संपले नाहीत. दुनळी घरी आणि औषधांचा डबा बरोबर, असे ते दोघे पुढे कितीतरी वर्षे त्या पाड्यावर जात राहिले. त्या सोमवारच्या गैरहजेरीबद्दल मेट्रनने खुलासा मागितला, तेव्हा काकूने लिहून दिले होते, "गंभीर जखमी रुग्णाजवळ थांबावे लागले." एक दिवसाचा पगार कापला गेला. तो तिला रास्त वाटला.

मी विचारू नये ते विचारले. "काकू, काकांनी मागितलं तेव्हा तुझ्या मनात आलं होतं?"

"आलं," ती म्हणाली. "रोज गोळ्या मोजायची ना, एका रात्री मोजता मोजता थांबले. हात बघितला. कापत नव्हता. त्याचीच भीती वाटली. तेवढ्यात ह्यांना जाग आली. म्हणाले, आज ड्यूटी आहे का? म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग बस की जरा." तिने वही मिटली. "आयुष्यभर त्यांना माझा वेळच मिळाला नव्हता. तो मी कसा तोडू?"

ह्या प्रश्नावर मोठमोठ्या माणसांनी विचार केला आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या २०१५ साली जाईपर्यंत. जवळजवळ बेचाळीस वर्षे तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. त्यांच्यासाठी दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा त्या परिचारिकांनी विरोध केला. २०११ साली न्यायालयाने अर्ज फेटाळला, आणि त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवण्याची वाटही मोकळी केली. कोण बरोबर, ह्यावर आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत आठवडाभर वाद चालला. मी काकूला विचारले. तिने एवढेच विचारले, "पाठीला व्रण होता का गं?" मी म्हटले, नव्हता असे सगळीकडे छापून आले आहे. "मग त्या मुलींना बोलायचा हक्क आहे," ती म्हणाली. "पण दुसऱ्या कोणी वेगळं ठरवलं तर त्यालाही मी पापी म्हणणार नाही. रात्र कोणाची किती मोठी, ते बाहेरून कळत नाही."

तर त्या नरकचतुर्दशीला भाच्याला आम्ही सगळे एकदम सांगू लागलो: डालड्याचे डबे, पाडा, दुनळी. त्याचे डोळे मोठे झाले. भेकराचे कोणी काढले नाही. त्याला अजून आठच वर्षे झाली आहेत.

"आजी, मला शिकव ना नेम!"

काकूने पिस्तूल हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. चष्मा सारखा केला. गॅलरीच्या टोकाला कोणीतरी फुलबाज्यांचा रिकामा डबा कठड्यावर ठेवला होता. ती नळी त्याच्याकडे होती, माणसे सगळी मागे.

"श्वास अर्धा सोड," ती भाच्याला सांगत होती. "हात थांबला की मग. आणि आधी नीट बघ, काय आहे समोर. बघितल्याशिवाय चाप ओढायचा नाही."

टिकली फाटकन वाजली. डबा अर्थातच पडला नाही. टिकलीने डबे पडत नाहीत. पण भाच्याने टाळ्या पिटल्या, आणि मी काकूच्या हाताकडे पाहिले. नव्वदीचा हात, शिरा वर आलेल्या. आता थोडा कापतो.

तिनेही तो पाहिला असावा. पिस्तूल मुलाच्या हाती देऊन तिने उरलेली चकली उचलली आणि समाधानाने खाऊ लागली.